उष्णतेचीही मात्रा असते

शरीरात सोडलेलं औषध बाहेरून इशारा मिळेपर्यंत गप्प बसेल आणि हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी कामाला लागेल, ही कल्पना आता चाळिशी ओलांडून गेली आहे. तिच्याविरुद्धचा युक्तिवाद अलीकडे फार जोरात ऐकू येतो. एवढी वर्षं झाली, कोट्यवधी डॉलर ओतले, उंदीर बरे झाले, माणसं झाली नाहीत. उष्णतेने उघडणाऱ्या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या आपटल्या. चुंबकीय क्षेत्रात तापणारे कण मेंदूच्या गाठीत सोडणारी बर्लिनची मॅगफोर्स कंपनी २०२२ साली दिवाळखोरीत गेली. वायरलेस चिपमधून औषध देण्याचा प्रयोग बाजारापर्यंत पोचला नाही. तेव्हा हा नाद सोडा, साध्या गोळ्या आणि इंजेक्शनं गरिबापर्यंत न्या. आणि हुशार औषध हवंच असेल, तर शरीरातल्या खुणा ओळखून आपोआप चालणारं बनवा, बाहेरचं बटण नको.

हे बोलणारे लोक अडाणी नाहीत. त्यांनी सांगितलेली प्रत्येक घटना खरी आहे. तरीही त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे सांगायला त्याच घटना पुरेशा आहेत. त्या नीट उलगडून पाहिल्या की दिसतं, हरला तो बाहेरून चालवण्याचा विचार नाही. बहुतेक ठिकाणी बाहेरून नेमकं काय आणि किती दिलं, याचाच धड हिशेब ठेवलेला नव्हता.

आधी ‘काहीच हाती आलं नाही’ हे विधान घेऊ. १९८१ साली रॉबर्ट लँगर आणि ज्यूडा फोकमन यांच्या गटाने पॉलिमरमध्ये चुंबकाचे बारीक तुकडे बसवून, बाहेरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने त्यातून पाझरणाऱ्या प्रथिनाचा वेग वाढवून दाखवला. १९८९ साली लँगर यांच्याच गटाने अल्ट्रासाउंडने पॉलिमरची झीज आणि औषधाचा पाझर दोन्ही वाढवले. ही सुरुवात. तिथून अकरा वर्षांनी, २००० साली, अमेरिकेत व्हिज्युडाइन नावाचं औषध मंजूर झालं. उतारवयात डोळ्याच्या पडद्याखाली गळक्या रक्तवाहिन्या वाढतात आणि समोरच्या माणसाचा चेहराच दिसेनासा होतो, त्या आजारासाठी. व्हर्टेपॉर्फिन हे द्रव्य लायपोसोमच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांच्या, रूपात शिरेतून देतात. ते अंगभर फिरतं आणि लाल लेझर पडेल तिथेच काम करतं. काटेकोर बोलायचं तर इथे औषध पिशवीतून सुटत नाही, जागच्या जागी जागं होतं. पण कुठे आणि केव्हा हे बाहेरून ठरतं, आणि वादाचा मुद्दा तोच आहे.

हा उपचार जवळून पाहण्यासारखा आहे. दहा मिनिटं शिरेतून औषध. ते सुरू केल्यापासून पंधराव्या मिनिटाला ६८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. तो ८३ सेकंद. दर चौरस सेंटिमीटरला ५० जूल. नंतर पाच दिवस रुग्णाने उन्हात जायचं नाही, कारण उरलेलं औषध कातडीत असतं आणि ऊनही तेच बटण दाबतं. हे आकडे कुठल्या संशोधन-निबंधाच्या पोटात दडलेले नाहीत. ते औषधाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात छापलेले आहेत. मिलिग्रॅम जितक्या काळजीने लिहिले, तितक्याच काळजीने सेकंद लिहिले आहेत. ८३ म्हणजे ८३.

पुढे २००६ साली रॅनिबिझुमॅब हे थेट डोळ्यात टोचायचं औषध आलं आणि त्याने व्हिज्युडाइनला मागे सारलं, हे खरं आहे. त्याहून चांगलं औषध आलं म्हणून ते मागे पडलं. चाललं नाही म्हणून नव्हे. पडद्याच्या काही आजारांत, विशेषतः आशियाई रुग्णांत जास्त आढळणाऱ्या पॉलिपॉइडल प्रकारात, ते अजूनही वापरतात. २०२० साली जपानने डोक्या-मानेच्या, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या कॅन्सरसाठी अकालक्स मंजूर केलं. त्यात कॅन्सरच्या पेशीला चिकटणारं प्रतिपिंड आणि त्याला जोडलेला, जवळच्या अवरक्त प्रकाशाने पेटणारा रंग. म्हणजे दोन देशांच्या औषध-नियामकांनी वीस वर्षांच्या अंतराने बाहेरून चालणाऱ्या औषधाला परवाना दिला आहे. ‘काहीच आलं नाही’ म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं आधी खोडून दाखवावीत.

व्हिज्युडाइनने एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मानली होती: बाहेरून दिलेली ऊर्जा हा औषधाचाच भाग आहे. प्रकाश असो, उष्णता असो, ध्वनी असो, तिला मात्रा असते, मुदत असते, जास्त झाली तर अपाय असतो, कमी पडली तर उपचारच होत नाही. ती मोजली नसेल तर त्या चाचणीत औषधाची परीक्षा झालेली नसते.

आता थर्मोडॉक्सकडे येऊ, कारण विरोधकांचं सगळ्यात मोठं शस्त्र ते आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड नीडहॅम यांनी घडवलेला हा लायपोसोम. आत डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध, बाहेर असा स्निग्ध पडदा की साधारण ४१ अंश सेल्सिअसला तो विरघळू लागतो, त्यात भोकं पडतात आणि काही सेकंदांत औषध बाहेर येतं. अंगाचं नेहमीचं तापमान ३७. चार अंशांच्या फटीत बसवलेली ही रचना माझ्या मते या क्षेत्रातल्या सगळ्यात सुंदर कामांपैकी एक आहे.

तिची पहिली मोठी चाचणी यकृताच्या कॅन्सरच्या ७०१ रुग्णांवर झाली. गाठीत सुई घालून रेडिओलहरींनी ती जाळायची, ज्याला डॉक्टर आरएफए म्हणतात, आणि निम्म्या रुग्णांना जोडीला हे औषध द्यायचं. जानेवारी २०१३ मध्ये निकाल लागला: रोग पुन्हा वाढायला लागणारा काळ दोन्ही गटांत सारखाच. औषधामागच्या कंपनीचा शेअर कोसळला आणि मथळ्यांनी सांगून टाकलं की उष्णतेने उघडणारं औषध चालत नाही.

पण त्या रुग्णांना उष्णता किती मिळाली? आरएफएची सुई जाळण्यासाठी बनवलेली असते. तिच्या टोकाजवळ तापमान साठ अंशांच्या वर जातं आणि तिथल्या पेशी औषधाशिवायच मरतात. औषधाला काम उरतं ते जळालेल्या भागाभोवतीच्या कोमट कड्यात, जिथे चाळीस-बेचाळीस अंश असतात आणि जिथे वाचलेल्या पेशी लपून राहतात. ते कडं किती रुंद होणार आणि किती वेळ टिकणार हे ठरतं सुई किती वेळ चालू ठेवली, गाठ केवढी होती, शेजारून मोठी रक्तवाहिनी जाऊन ती उष्णता वाहून नेते का, यावर. त्या चाचणीत सुई किती वेळ चालू ठेवायची हे एकसारखं ठरवलेलं नव्हतं. कुणाचं लवकर आटोपलं, कुणाचं लांबलं. औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये पक्का, आणि ज्या उष्णतेवाचून ते औषध उघडतच नाही ती ज्याच्या-त्याच्या हातावर सोडलेली. तव्याखाली जाळ किती होता हे न विचारता भाकरी कच्ची राहिली म्हणून पिठाला दोष देण्यातला हा प्रकार.

मग कंपनीने मागे वळून पाहिलं. एकच गाठ असलेल्या आणि पंचेचाळीस मिनिटं किंवा अधिक जाळलेल्या २८५ रुग्णांत औषधाने आयुष्य वाढल्यासारखं दिसलं. त्या आधारावर ५५६ रुग्णांची दुसरी चाचणी उभी केली, पंचेचाळीस मिनिटांची अट घालून. २०२० साली तीही व्यर्थ ठरतेय असं दिसलं आणि पुढे ती आवरती घेतली गेली. इथे विरोधक विचारतात: वेळ ठरवून दिली तरी आपटलीच ना?

आपटलीच, आणि ते झाकायचं कारण नाही. निकाल लागल्यावर चाळून काढलेल्या उपगटावर एवढी मोठी चाचणी उभी करणं हा धोक्याचा मार्ग होता आणि त्याची किंमत रुग्णांनीही मोजली. पण त्या निकालाचा अर्थ किती ताणायचा? घड्याळ म्हणजे तापमापक नव्हे. पंचेचाळीस मिनिटांनी एका गाठीच्या कडेला बेचाळीस अंश होतील, दुसरीच्या कडेला, रक्तवाहिनीच्या बाजूने, अडतीसही होतील. शिवाय तुलनेच्या गटातली गाठही तेवढाच वेळ जाळली गेली होती, आणि नीट जाळणं हा लहान गाठीवर स्वतःच चांगला उपचार आहे. औषधाने भर घालायला जागा उरली ती एका अरुंद पट्ट्यापुरती. आणि दोन्ही चाचण्यांचा कौल ठरला तो रोग केव्हा वाढला, रुग्ण किती जगला यावर. गाठीच्या कडेला औषध किती उतरलं हा त्या कौलाचा भाग नव्हता. या दोन चाचण्यांनी एवढंच सिद्ध केलं की आरएफएच्या जोडीला, न मोजलेल्या उष्णतेवर, हे औषध कामाचं नाही. त्यापुढे जाऊन ‘दुरून चालवण्याचं तत्त्वच फोल’ म्हणणं म्हणजे पुराव्यापेक्षा मोठा निकाल देणं आहे.

हेच औषध, वेगळी उष्णता आणि हातात तापमापक, असंही कुणी करून पाहिलं का? पाहिलं. ऑक्सफर्डच्या चर्चिल हॉस्पिटलमध्ये, यकृतात गाठी असलेल्या दहा रुग्णांवर. २०१८ साली ते ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापून आलं. रुग्णाला पूर्ण भूल. शिरेतून थर्मोडॉक्सचा एक डोस. तो आत गेल्यावर गाठीतला एक बारीक तुकडा सुईने काढून घ्यायचा. मग पोटाबाहेरून अल्ट्रासाउंडचा झोत त्या एकाच गाठीवर रोखायचा, जाळण्यासाठी नव्हे, चार-पाच अंश वाढवण्यासाठी. पहिल्या टप्प्यातल्या सहा रुग्णांच्या गाठीत तापमापकाची सुई बसवलेली होती. पुढच्या चौघांना ती न घालता, आधीच्या अनुभवावर झोत आखला. नंतर त्याच गाठीतला दुसरा तुकडा. दोन्ही तुकड्यांत औषध किती, हे मोजलं. झोताआधी गाठीच्या एका ग्रॅममध्ये अंदाजे २.३४ मायक्रोग्रॅम, झोतानंतर ८.५६. सरासरी ३.७ पट. दहापैकी सात जणांत दोन ते दहा पट वाढ.

दहा रुग्णांवरून आयुष्य वाढतं असं कुणी म्हणू नये. ती चाचणी त्यासाठी नव्हतीच. ती विचारत होती एवढंच की कातडीला चीर न देता, बाहेरून, एका माणसाच्या यकृतातल्या एका ठरावीक गाठीत जास्त औषध उतरवता येतं का. उत्तर ‘येतं’ असं आलं, बायॉप्सीच्या तुकड्यासकट. हा प्रयोग सातशे रुग्णांच्या चाचणीच्या आधी व्हायला हवा होता. तो नंतर झाला. या क्षेत्राची खरी चूक ही आहे, आणि ती क्रमाची चूक आहे.

विरोधकांचा आणखी एक आवडता आकडा आहे: ०.७ टक्के. टोरॉन्टोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ साली दहा वर्षांतले निबंध तपासून दाखवलं की शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी मध्यमान ०.७ टक्केच प्राण्यांच्या गाठीपर्यंत पोचतात. बाकीचे यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडं गिळतात. हा फार मोलाचा अभ्यास आहे आणि कित्येक फुगे त्याने फोडले. पण तो दुरून चालणाऱ्या पदार्थांविरुद्ध वापरणं म्हणजे साक्षीदार चुकीच्या पक्षाकडे उभा करणं. कण गाठीत शिरून, साचून, मग हळूहळू औषध सोडेल, या गृहीतावर चालणाऱ्या नॅनो-औषधांची ती अडचण आहे. थर्मोडॉक्सला गाठीत शिरायची गरजच नाही. गाठ कोमट केलेली असते, लायपोसोम तिच्या रक्तवाहिनीतून जाताना फुटतो, आणि सुटं झालेलं लहानसं औषध भिंत ओलांडून आत पाझरतं. जी भिंत कणाला अडवते ती रेणूला अडवत नाही. बाहेरच्या ऊर्जेने हा अडसरच वळसा घालून टाळला आहे.

‘आपोआप चालणारं बनवा’ या सल्ल्याचं काय? कानाला तो गोड लागतो. यंत्र नको, डॉक्टर नको, गाठीची आम्लता किंवा रक्तातली साखर पाहून औषध स्वतःच उमलेल. पण ज्या मापाने आपल्याला मोजलं त्याच मापाने हेही मोजा. साखर वाढली की इन्सुलिन सोडणाऱ्या पदार्थाची कल्पना ब्राउनली आणि सेरामी यांनी १९७९ साली मांडली. म्हणजे ती आपल्या १९८१ च्या चुंबकापेक्षाही दोन वर्षांनी थोरली. मधुमेहाच्या दवाखान्यात आजही ती कुठे दिसत नाही. वर्षं मोजूनच एखादी कल्पना बाद करायची असेल, तर ही आधी बाद होते. मला तीही बाद करायची नाही. तिथलं काम कठीण आहे आणि चालू राहिलं पाहिजे. मात्र त्यातली मूळ अडचण वेळेची नाही. शरीराच्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. रक्ताचा सामू ७.४, गाठीभोवतीचा साडेसहा-पावणेसातच्या आसपास. हा फरक खरा आहे, पण आम्लता गळवातही वाढते, दमलेल्या स्नायूतही वाढते. पदार्थाला त्यातला भेद कळत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टला कळतो. ज्या निर्णयाला डोळे लागतात तो डोळे असलेल्याकडे ठेवणं हा मागासपणा नव्हे.

दुरून चालवण्याच्या बाजूनेही खूप वाह्यात बोललं गेलं आहे, आणि त्याचा राग मला विरोधकांपेक्षा जास्त येतो. पेशीत फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन घालून चुंबकाने वा रेडिओलहरींनी ती पेशी चालू-बंद करता येते, असे दावे मोठमोठ्या नियतकालिकांत आले. २०१६ साली कॅलटेकचे मार्कस माइस्टर यांनी ‘ई-लाइफ’मध्ये कागद-पेन्सिलीचं गणित मांडलं: फेरिटिनमधल्या लोहावर असं क्षेत्र जेवढं बल किंवा उष्णता निर्माण करू शकतं, ते दाव्याला लागणाऱ्या परिमाणापेक्षा दहाच्या पाच ते दहा घातांनी कमी पडतं. पाच ते दहा शून्यांचा फरक! इथेही रोग तोच होता. ऊर्जा किती लागेल आणि किती पोचेल याचा हिशेब कुणी आधी केला नव्हता. तसंच मेंदूच्या लहरींनी उंदराच्या अंगातलं जनुक चालू करणं, संगीताच्या ठोक्यांवर इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी. स्वित्झर्लंडमधल्या मार्टिन फुसेनेगर यांच्या गटाची ही कामं कसबाची आहेत यात वाद नाही. पण वर्तमानपत्रांनी त्यांची जी चित्रं रंगवली त्यांनी वाचकाच्या मनात हा सगळा विषय करामतींच्या पेटीत टाकला. उंदराच्या कातडीखाली प्रकाश पोचतो, माणसाच्या यकृतापर्यंत पोचत नाही. लाल प्रकाश ऊतीत फार तर सेंटिमीटरभर उपयोगाचा राहतो. खोलवर जायचं तर ध्वनी हवा, आणि तो हाडातून आणि हवेतून नीट जात नाही. ज्याला ही साधी भूमिती माहीत नाही त्याने बटणाच्या गोष्टी सांगू नयेत.

पेशींचा प्रश्न मात्र औषधांपेक्षा गंभीर आहे, आणि तिथे बाहेरच्या नियंत्रणाला विरोध करणं मला धोक्याचं वाटतं. औषधाचा डोस दिला की तो उतरतच जातो. जिवंत पेशी सोडली की ती आत वाढते. तिचा डोस डॉक्टर नाही, शरीर ठरवतं. २०१० साली नोंदवली गेलेली एक घटना या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आतड्याचा कॅन्सर यकृता-फुप्फुसांत पसरलेल्या एका रुग्णाला एचईआर-२ या खुणेवर हल्ला करणाऱ्या कार-टी पेशी, म्हणजे जनुकं बदलून कॅन्सरवर सोडलेल्या प्रतिकारक पेशी, दिल्या. पंधरा मिनिटांत श्वास अडखळला, पाच दिवसांत मृत्यू. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही ती खूण थोड्या प्रमाणात असते, आणि पेशींनी ती ओळखली. त्या पेशी आपल्या कामात चोख होत्या. फक्त कुठे काम करायचं हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं.

याच्या उलट टोकाला २०११ सालचा ह्यूस्टनमधला अनुभव. दात्याच्या टी-पेशींत आधीच एक कळ बसवून ठेवली होती; एक निरुपद्रवी औषध टोचलं की त्या पेशी आत्मनाश करतात. चार रुग्णांत त्या पेशींनी यजमानाच्या अंगावर हल्ला सुरू केला तेव्हा ते औषध एकदाच दिलं, आणि अर्ध्या तासात नव्वद टक्क्यांहून जास्त बदललेल्या पेशी नाहीशा झाल्या. ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये ते छापलेलं आहे. पेशी बाहेरून बंद करता येतात हे माणसात सिद्ध झालेलं आहे, उंदरात नव्हे. पुढची पायरी म्हणजे त्या फक्त एका जागीच चालू करणं. २०२१ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीटर यिंगशाव वांग यांच्या गटाने अशा कार-टी पेशी बनवल्या की अल्ट्रासाउंडच्या झोताने ऊती थोडी तापली तरच त्या हल्ल्याचं हत्यार तयार करतात. हे काम अजून उंदरातलं आहे, आणि ते उंदरातलंच म्हणून सांगावं.

आपल्याकडे हा विषय परका राहिलेला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ ही देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. रक्ताच्या कॅन्सरसाठी ती आहे, आणि परदेशातल्या किमतीच्या कितीतरी पट खाली ती आणली हे मोठं काम आहे. पण आपला मोठा भार घट्ट गाठींचा आहे. भारतीय पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा. गाठींवर पेशी सोडायच्या झाल्या तर एचईआर-२ च्या त्या रुग्णाचा प्रश्न आपल्यापुढेही उभा राहणार. तेव्हा कळ बसवायची की नाही हा वाद घालत बसायला सवड नसेल.

आता सुरक्षिततेचा आक्षेप. अंगातलं यंत्र कुणी हॅक केलं तर? भीती खोटी नाही. २०१९ साली अमेरिकेच्या एफडीएने मेडट्रॉनिकच्या काही जुन्या मिनीमेड इन्सुलिन पंपांबद्दल इशारा दिला की जवळपासचा कुणीही त्यांच्या बिनतारी जोडणीत शिरून इन्सुलिनची मात्रा बदलू शकतो. त्या पंपांत दुरुस्ती शक्य नसल्याने ते बदलायला सांगावे लागले. पण या आक्षेपाचा रोख इलेक्ट्रॉनिक्सवर आहे. लायपोसोमला अँटेना नसते. त्याला पासवर्ड नाही, सॉफ्टवेअर नाही, संपल्यावर बदलायची बॅटरी नाही. त्याला उघडायला रुग्णाला टेबलावर झोपवून, त्याच्या अंगावर झोत रोखावा लागतो. पदार्थालाच कळ बनवणं ही हॅकिंगवरची तोड आहे. जे लोक सुरक्षेच्या नावाने सगळ्या क्षेत्राला एकाच दोरीने बांधतात ते नेमका सुरक्षित भागच फेकून देतात.

चिपच्या बाबतीत मी विरोधकांच्या बऱ्याच जवळ आहे. २०१२ साली छापून आलेल्या प्रयोगात डेन्मार्कमध्ये हाडं ठिसूळ झालेल्या आठ महिलांच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवून बिनतारी आज्ञेने टेरिपॅराटाइडचे रोजचे डोस सोडले गेले. सात जणींत ते रोजच्या इंजेक्शनइतकंच नीट पोचलं. एक चिप चाललीच नाही. तांत्रिक अर्थाने यश. मग कंपनीने मोहरा गर्भनिरोधकाकडे वळवला, २०१९ साली ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, आणि हाडांचं ते औषध त्या रूपात कुठल्याही दुकानात आलं नाही. याहून वाईट उदाहरण सेकंड साइटचं. अंधांना थोडी दृष्टी देणारं त्यांचं आर्गस-२ हे इम्प्लांट जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत बसलेलं होतं. २०२० साली कंपनीचं कंबरडं मोडलं आणि त्या माणसांच्या डोळ्यांतलं यंत्र दुरुस्त करणारं कुणी उरलं नाही. अंगात राहणारं काहीही बसवण्याआधी, ते काढायचं कसं, बिघडलं तर पाहायचं कुणी, आणि कंपनी बुडाली तर त्याचे आराखडे कुणाकडे, हे लिहून घेतल्याशिवाय परवानगी देऊ नये. पण यातूनही विरघळून जाणाऱ्या, झिजून जाणाऱ्या पदार्थांचीच बाजू भक्कम होते. मॅगफोर्सची गोष्टही थोडी अशीच. ५९ रुग्णांवरचा त्यांचा २०११ सालचा अभ्यास तुलनेच्या गटाशिवाय होता, त्यामुळे कण किती उपयोगी पडले हे कुणालाच ठामपणे सांगता आलं नाही. आणि कण मेंदूत राहिल्याने त्या जागी पुढे एमआरआय धड होत नव्हता. चाचणी दुबळी, पदार्थ न हटणारा, यंत्र महाग. दिवाळखोरीला एवढं पुरे झालं असावं.

शेवटी पैशाचा मुद्दा, कारण महाराष्ट्रात हा वाद तिथेच येऊन अडतो. जिल्हा रुग्णालयात साधी औषधं नसताना हे कशाला? प्रश्न रास्त आहे. औषधं नसणं हा गुन्हाच आहे. पण बाहेरून चालवणं म्हणजे महागच, हे कुणी ठरवलं? व्हिज्युडाइनमागच्या शास्त्रज्ञांपैकी एक, हार्वर्डच्या तय्यबा हसन, यांनी अलीगढमधल्या डॉक्टरांबरोबर तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी तीच पद्धत बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी दिव्यावर आणली. औषध पोटात घ्यायचं, काही वेळाने गालाच्या आतल्या गाठीवर मोजून प्रकाश पाडायचा. वीज गेली तरी दिवा चालतो. तोंड हा अवयवच असा की प्रकाशाला तिथे जायला कुठे खोल जावं लागत नाही. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने ज्या राज्यात गाल सडतात, तिथल्या कॅन्सर केंद्रांनी हा प्रयोग अलीगढवर सोडून देण्याचं कारण नाही. गावोगावी सोनोग्राफीची यंत्रं आहेत, डोळ्यांच्या दवाखान्यांत लेझर आहेत, ती चालवणारे हात आहेत. औषध तापवणारा झोत वेगळा असतो हे मान्य. पण ध्वनी आणि प्रकाश हाताळायची सवय आपल्या डॉक्टरांना नव्याने लावायची नाही.

अडथळा आहे तो कागदावर. औषधाची चाचणी २०१९ च्या नियमांखाली, यंत्राचा परवाना २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली, आणि नॅनो-औषधांसाठी २०१९ च्या ऑक्टोबरमधली वेगळी मार्गदर्शक तत्त्वं. उष्णतेने उघडणारा लायपोसोम आणि त्याला उघडणारा झोत हे दोन्ही मिळून एक उपचार असतात. दोन टेबलांवर ते वेगवेगळे तपासले, तर त्यांच्यातलं अंतर, म्हणजे नेमकी ऊर्जेची मात्रा, कुणाच्याच टेबलावर येत नाही. पुढची चाचणी मुंबईत होवो की चंडीगडला, तिच्या आराखड्यात तीन ओळी सक्तीच्या असाव्यात: लक्ष्याच्या जागी किती ऊर्जा पोचली, ती कशी मोजली, आणि त्यामुळे तिथे किती औषध उतरलं. ही तीन उत्तरं पहिल्या वीस रुग्णांत मिळाली नाहीत, तर एकविसावा रुग्ण घेऊ नये.